विश्लेषण : मेथोट्रेक्सेट, फॉलिक अ‍ॅसिड, हत्तीरोगाची गोळी… डॉ. सुब्बाराव यांचे श्रेय नेमके किती?

संधिवाताच्या रुग्णाला आठवड्यातून एकदाच घ्यायला सांगतात ती मेथोट्रेक्सेटची गोळी. गरोदर महिलेला सरकारी दवाखान्यात लोहाबरोबर मिळते ते फॉलिक अ‍ॅसिड. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर अशा जिल्ह्यांत हत्तीरोगाच्या मोहिमेत आशा सेविका घरी येऊन डोळ्यांदेखत गिळायला लावतात ती डीईसी. तीन आजार, तीन गोळ्या. पण या तिन्हींचा माग काढत गेले तर आपण एकाच ठिकाणी पोहोचतो. ते ठिकाण म्हणजे न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथील लेडर्ले लॅबोरेटरीज. १९४०च्या दशकात तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरमचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव.

दर १२ जानेवारीला, म्हणजे त्यांच्या जन्मदिनी, त्यांच्याविषयीचा एक मेसेज हमखास फिरतो. एका भारतीयाने एकट्याने कर्करोगाचे औषध शोधले, अमेरिकेने त्याचे श्रेय लाटले, असा त्याचा सूर असतो. यात खरे बरेच आहे, पण एकट्याने हा शब्द चुकीचा आहे. औषधे कशी शोधली जातात हे समजून घ्यायचे असेल तर ही चूक दुरुस्त करावी लागते.

सुब्बाराव कोण होते?

जन्म १२ जानेवारी १८९५, तेव्हाच्या मद्रास प्रांतात. वडील महसूल खात्यात साध्या नोकरीत, सात भावंडे, घरात पैशांची कायम ओढाताण. मुलगा अभ्यासात हुशार म्हणून ओळखला जात होता असेही नाही. तेराव्या वर्षी तो काशीला यात्रेकरूंना केळी विकून पैसे कमवायचे ठरवून घरातून पळाला होता, त्याला परत आणले गेले. मॅट्रिक तिसऱ्या प्रयत्नात सुटली.

पुढे मद्रास मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला. तो काळ गांधीजींच्या बहिष्काराच्या हाकेचा. सुब्बाराव शस्त्रक्रियेच्या वेळी खादीचा डगला घालू लागले. शल्यचिकित्सेचे इंग्रज प्राध्यापक ब्रॅडफिल्ड यांना ते खपले नाही. लेखी परीक्षा चांगली होऊनही सुब्बाराव यांना पूर्ण एमबीबीएस मिळाली नाही, एलएमएस या खालच्या पात्रतेवर समाधान मानावे लागले. सरकारी वैद्यकीय सेवेचे दार बंद झाल्यावर त्यांनी मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवले.

याच वर्षांतली घरातली एक घटना पुढच्या कामाशी जोडलेली आहे. त्यांचे दोन भाऊ स्प्रू या आजाराने काही दिवसांच्या अंतराने गेले. या आजारात आतडे अन्नातील सत्त्व शोषून घेत नाही, जुलाब थांबत नाहीत, रक्त कमी होत जाते. सुब्बाराव यांनाही तो झाला होता, ते वाचले. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

१९२०च्या दशकाच्या सुरुवातीला सासऱ्यांचे पैसे आणि एका धर्मादाय संस्थेच्या मदतीचा आधार घेऊन ते बोस्टनला गेले. हार्वर्डमध्ये उष्णकटिबंधीय आजारांची पदविका घेतली. खर्च भागवायला एका रुग्णालयात रात्रपाळीला साफसफाईसारखी कामे केली. पत्नी शेषगिरी मागे राहिल्या. मुलगा झाला, तो लहानपणीच दगावला. सुब्बाराव भारतात पुन्हा कधीच आले नाहीत.

निळा रंग उशिरा का चढला?

सुब्बाराव यांच्या आयुष्यातला हा प्रसंग मेसेजमध्ये नसतो, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा हाच आहे.

हार्वर्डच्या जीवरसायन विभागाचे प्रमुख ओटो फोलिन हे रक्त आणि लघवीतील घटक मोजण्याच्या पद्धतींसाठी जगभर नावाजलेले होते. त्यांच्या विभागात सायरस फिस्के यांच्या हाताखाली सुब्बाराव यांना काम मिळाले, फॉस्फरस मोजण्याची खात्रीची पद्धत बसवण्याचे. ऐकायला कंटाळवाणे वाटते, पण त्या काळात स्नायू ऊर्जा कुठून आणतो, हाडे कशी घडतात, मूत्रपिंड काय करते अशा अनेक प्रश्नांसाठी फॉस्फरसचे अचूक मोजमाप लागत होते.

पद्धत थोडक्यात अशी. रक्तातील किंवा स्नायूतील प्रथिने काढून टाकली की स्वच्छ द्रव उरतो. त्यात आम्ल आणि मॉलिब्डेट घालायचे. फॉस्फेट असेल तर त्याचे मॉलिब्डेटशी संयुग होते. मग त्यावर क्रिया करून निळा रंग आणणारे एक रसायन घालायचे. जितके फॉस्फेट जास्त तितका निळा गडद. ठाऊक प्रमाणाच्या द्रवाशी तो रंग ताडून पाहिला की आकडा मिळतो. १९२५ मध्ये फिस्के आणि सुब्बाराव यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली.

रक्तावर ती छान चालली. स्नायूवर मात्र विचित्र घडू लागले. निळा रंग एकदम न येता हळूहळू चढत राहिला. इंजिनीअरिंगच्या प्रयोगशाळेत आम्ही अशा वेळी सरळ उपकरणाला दोष द्यायचो आणि वहीत सोयीचा आकडा लिहायचो. या दोघांनी उशिराचाच अभ्यास सुरू केला. स्नायूत असे काहीतरी आहे जे आम्लात हळूहळू तुटते आणि तुटताना फॉस्फेट मोकळे करते, असा त्यांचा तर्क होता. तो पदार्थ इतका नाजूक की स्नायू काढून प्रक्रिया करायला थोडा उशीर झाला तरी तो नाहीसा होई. चिकाटीने त्यांनी तो वेगळा केला. क्रिएटिन आणि फॉस्फेट यांची जोडी, म्हणजेच फॉस्फोक्रिएटिन. वर्ष १९२७. स्नायू आकुंचन पावला की हा पदार्थ घटतो, विश्रांती मिळाली की पुन्हा भरतो.

याने एक मोठी इमारत हलली. स्नायूची ऊर्जा लॅक्टिक आम्लाच्या निर्मितीतून येते या मांडणीशी जोडलेल्या कामाला १९२२चे नोबेल मिळाले होते. आता त्या चित्राला तडा गेला. दोनच वर्षांनी, १९२९ मध्ये, फिस्के आणि सुब्बाराव यांनी स्नायूतून आणखी एक फॉस्फेटयुक्त रेणू वेगळा केल्याचे जाहीर केले. तो म्हणजे एटीपी, आज शाळेच्या पुस्तकात पेशीचे ऊर्जा-चलन म्हणून असतो तो. जर्मनीत कार्ल लोहमन यांनी त्याच वर्षी स्वतंत्रपणे तोच रेणू शोधला आणि त्यांचा लेख थोडा आधी छापून आला. त्यामुळे एटीपीचा शोध सुब्बाराव यांचा हे विधान खोटे नाही, पण अर्धे आहे.

हार्वर्ड का सोडावे लागले?

१९३० मध्ये पीएच.डी. मिळाली. त्यानंतर दशकभर ते विभागात राहिले, पण कायमची प्राध्यापकी मिळाली नाही. परदेशी, अबोल, वरिष्ठांच्या सावलीत काम करणारा संशोधक ही त्या काळच्या हार्वर्डमध्ये फारशी भक्कम बाजू नव्हती. त्याच विभागात शिकलेले आणि १९८८ मध्ये नोबेल मिळवलेले जॉर्ज हिचिंग्ज यांनी पुढे नोंदवून ठेवले आहे की सुब्बाराव यांनी वेगळे केलेले काही पदार्थ फिस्के यांच्या मत्सरामुळे प्रसिद्ध झालेच नाहीत आणि बऱ्याच वर्षांनी इतरांना ते नव्याने शोधावे लागले. ही एका बाजूची साक्ष आहे, पण साक्षीदार साधा नाही.

१९४० मध्ये सुब्बाराव अमेरिकन सायनामिड कंपनीच्या लेडर्ले विभागात रुजू झाले आणि लवकरच संशोधनाचे प्रमुख झाले. विद्यापीठ सोडून औषध कंपनीत जाणे तेव्हा विद्वानांच्या जगात कमीपणाचे मानले जाई. त्यांना मात्र तिथे हार्वर्डमध्ये कधीच नव्हते ते मिळाले. सेंद्रिय रसायनतज्ज्ञ, जीवाणूतज्ज्ञ, प्राण्यांवर चाचण्या करणारे गट, किलोंनी कच्चा माल आणि प्रश्न निवडण्याचा अधिकार.

फॉलिक अ‍ॅसिडचा मुंबईशी काय संबंध?

१९२८ मध्ये डॉ. ल्युसी विल्स ही ब्रिटिश संशोधक मुंबईत आली. गिरण्यांत काम करणाऱ्या महिलांना गरोदरपणात होणारा, जीवावर बेतणारा रक्तक्षय हा तिचा विषय होता. परळच्या हाफकिन संस्थेच्या मदतीने काम करताना तिला आढळले की स्वस्त यीस्ट अर्काने, म्हणजे मार्माइटने, या महिला बऱ्या होतात. १९३१ मध्ये तिने हे प्रसिद्ध केले. अर्कात नेमके काय आहे ते कुणालाच माहीत नव्हते, म्हणून त्याला नाव पडले विल्स फॅक्टर.

यीस्टमध्ये, यकृतात आणि पालकात असलेले हे काहीतरी म्हणजे एकच पदार्थ आहे हे उलगडायला दहाएक वर्षे गेली. १९४१ मध्ये अमेरिकेतील एका गटाने कित्येक टन पालकातून तो काढला आणि पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून फॉलिक अ‍ॅसिड हे नाव दिले. लेडर्लेमध्ये तो यकृतातून शुद्ध करण्यात आला. इथे मोजमापाचे साधन होते एक जीवाणू. लॅक्टोबॅसिलस केसाय हा जीवाणू फॉलिक अ‍ॅसिडशिवाय वाढत नाही. म्हणून नळीत अर्काचा थेंब टाकायचा आणि द्रव किती गढूळ होतो ते पाहायचे. गढूळपणा जास्त, तर पदार्थ जास्त. हार्वर्डमध्ये निळा रंग होता, इथे गढूळ पाणी. जीवरसायनतज्ज्ञाचे काम बव्हंशी हेच असते. न दिसणाऱ्या रेणूसाठी दिसणारी खूण शोधायची, आणि त्या खुणेच्या मागे अर्क पुन्हा पुन्हा विभागत जायचे.

१९४५ मध्ये लेडर्लेच्या गटाने हा रेणू प्रयोगशाळेत तयार केला. त्या शोधनिबंधावर सोळा नावे आहेत. सुब्बाराव त्यातले एक, वर्णानुक्रमातही मधले कुठेतरी. पण आता फॉलिक अ‍ॅसिड पालकाच्या ढिगातून काढावे लागणार नव्हते, कारखान्यात बनणार होते. आणि ज्या स्प्रूने त्यांचे भाऊ नेले, तो आजार फॉलिक अ‍ॅसिडने आटोक्यात येतो हे लगेचच्या वर्षांत डॉक्टरांनी दाखवून दिले.

जीवनसत्त्वापासून कर्करोगाचे औषध कसे झाले?

एका चुकीतून, आणि ती चूक महागडी होती. बोस्टनच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलमधील सिडनी फार्बर हे विकृतिशास्त्रज्ञ, सुब्बाराव यांच्या ओळखीचे. ल्युकेमियात अस्थिमज्जेतील पांढऱ्या पेशी अर्धवट अवस्थेत बेसुमार वाढतात. फॉलिक अ‍ॅसिडने काही प्रकारचा रक्तक्षय बरा होतो, मज्जा नीट काम करू लागते, मग ल्युकेमियातही उपयोग होईल असा तर्क होता. लेडर्लेने तयार केलेली फॉलिक अ‍ॅसिडची जोडसंयुगे आजारी मुलांना देण्यात आली. मुलांचा आजार उलट वेगाने वाढल्याचे दिसले.

त्या काळात या आजाराचे निदान म्हणजे काही आठवडे किंवा महिने, त्यामुळे औषध दिले नसते तरी मुले वाचली नसती. तरीही वाचताना थांबायला होते. फार्बर यांनी या निकालाचा अर्थ सरळ लावला. फॉलिक अ‍ॅसिड मिळाल्याने कर्कपेशी फोफावत असतील, तर ते तोडल्याने त्या उपाशी मरतील. त्यासाठी फॉलिक अ‍ॅसिडचा तोतया हवा होता.

तोतयाची कल्पना हवेतली नव्हती. सल्फा औषधे जीवाणूंना कशी मारतात हे १९४० मध्ये उलगडले होते. जीवाणूला लागणाऱ्या एका रेणूसारखाच सल्फाचा रेणू दिसतो, जीवाणू फसून तो घेतो आणि त्याचे काम अडते. कुलपात बसते पण फिरत नाही अशी किल्ली. लेडर्लेमध्ये फॉलिक अ‍ॅसिडचा साचा हाताशी होता आणि त्यात एकेक बदल करून पाहू शकणारे रसायनतज्ज्ञही होते. सुरुवातीचे तोतये दुबळे निघाले. मग सीगर आणि सहकाऱ्यांनी रेणूच्या एका टोकाला असलेला ऑक्सिजनचा गट काढून तिथे नायट्रोजनचा, म्हणजे अमिनो गट बसवला. झाले अमिनोप्टेरिन. एवढ्याशा बदलाने तो रेणू पेशीतल्या एका एन्झाइमला इतका घट्ट चिकटतो की फॉलिक अ‍ॅसिडचे चक्र थांबते, नवा डीएनए बनत नाही आणि झपाट्याने वाटणी होणाऱ्या पेशी सर्वांत आधी अडकतात. ते एन्झाइम कोणते हे बऱ्याच वर्षांनी कळले. तेव्हा फक्त परिणाम दिसत होता.

२८ डिसेंबर १९४७ रोजी फार्बर यांनी एका लहान मुलाला अमिनोप्टेरिन देण्यास सुरुवात केली. जून १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात सोळा मुलांची हकीकत आहे. त्यातल्या दहांमध्ये सुधारणा झाली, वाढलेली प्लीहा ओसरली, रक्त सुधारले, काही मुले पुन्हा खेळू लागली. सुधारणा तात्पुरती होती आणि लेखाच्या शीर्षकातच तसे म्हटले होते. आजार परतला. पण औषधाने ल्युकेमिया मागे हटवता येतो हे पहिल्यांदाच दिसले होते.

अमिनोप्टेरिनमध्ये कार्बनचा एक छोटा गट वाढवला की मेथोट्रेक्सेट मिळते. तेही लेडर्लेचेच. ते वापरायला तुलनेने सुरक्षित ठरले आणि पन्नासच्या दशकात अमिनोप्टेरिनच्या जागी आले. १९५६ मध्ये मिन चिऊ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी गर्भवेष्टनाच्या पेशींतून होणारा एक कर्करोग केवळ मेथोट्रेक्सेटने हटवून दाखवला. मुलांच्या ल्युकेमियाच्या आजच्या उपचारांतही ते आहे. इतर औषधांच्या जोडीने आणि उपचार वेळेत व पूर्ण मिळाले तर आता यातली बहुतांश मुले बरी होतात.

आणि संधिवात? तिथे ते फार कमी मात्रेत, आठवड्यातून एकदाच दिले जाते, आणि दुष्परिणाम कमी करण्यासाठी त्याच रुग्णाला फॉलिक अ‍ॅसिडही दिले जाते. खरी किल्ली आणि तोतया, दोन्ही एकाच चिठ्ठीवर. आठवड्याची गोळी चुकून रोज घेणे जीवघेणे ठरू शकते, त्यामुळे घरात कुणी हे औषध घेत असेल तर ठरलेला वार मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

हत्तीरोगाची गोळी कुठून आली?

दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या बेटांवर हजारो अमेरिकी सैनिकांना डासांमार्फत पसरणाऱ्या फायलेरियाची लागण झाली. लेडर्लेमध्ये रानटी कापूस-उंदरांत असलाच एक कृमी वाढवून त्यांच्यावर एकामागून एक रसायने तपासली गेली. त्यातून पिपरॅझिन या साध्या रेणूपासून बनलेले डायइथाइलकार्बामॅझिन, म्हणजे डीईसी पुढे आले. १९४७च्या त्या निबंधावरही सुब्बाराव यांचे नाव आहे. हेट्राझॅन या नावाने ते बाजारात आले.

ही गोळी सुजलेला पाय पूर्ववत करत नाही, ती रक्तातील सूक्ष्म कृमी मारते. म्हणजे डासाला पुढे न्यायला काही उरत नाही. त्यामुळेच मोहिमेत ठणठणीत माणसांनाही ती घ्यायला सांगतात. मला काही झालेले नाही, मी का घेऊ, हा प्रश्न आशा सेविकांना दरवर्षी ऐकावा लागतो. त्याचे उत्तर इतकेच आहे.

ऑरिओमायसिनचे काय?

टेट्रासायक्लिन गटातील हे पहिले प्रतिजैविक. ते शोधले विद्यापीठातून निवृत्त झाल्यावर लेडर्लेमध्ये आलेल्या बेंजामिन डग्गर यांनी, मिसुरीतल्या एका शेताच्या मातीतील सूक्ष्मजीवातून. सुब्बाराव त्या वेळी संशोधन प्रमुख होते, शोधकर्ते नव्हते. मेसेजमध्ये हे सरसकट त्यांच्या नावावर असते. सामना जिंकला म्हणून सगळ्यांच्या धावा कर्णधाराच्या खात्यावर लिहिण्यासारखे ते आहे. पण कर्णधाराने संघ निवडला होता आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाला माती चाळायला जागा दिली होती, हेही खरे.

आणि एक हार नोंदवायला हवी. ज्या घातक रक्तक्षयावर यकृताचा अर्क लागू पडत होता, त्यामागचा खरा घटक शोधणे हे सुब्बाराव यांचे जुने ध्येय होते. फॉलिक अ‍ॅसिड हाच तो असेल अशी आशा होती. त्याने रक्त सुधारे, पण मज्जातंतूंची हानी थांबत नसे. तो घटक म्हणजे जीवनसत्त्व बी-१२. १९४८ मध्ये तो मर्क कंपनीच्या प्रयोगशाळेने आणि जवळपास त्याच वेळी ब्रिटनच्या ग्लॅक्सोने वेगळा केला.

मग ते विस्मृतीत का गेले?

फार्बर यांचा लेख जूनमध्ये आला. त्याच वर्षी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात हृदयविकाराने झोपेतच सुब्बाराव यांचे निधन झाले, वय ५३. नोबेल मरणोत्तर दिले जात नाही, त्यामुळे ते हिसकावले गेले या म्हणण्याला आधार नाही. त्यांच्या कामाचे मोठे परिणाम तर ते गेल्यावर दिसले.

इतर कारणे साधी आहेत. कंपनीतले काम गटाचे असते आणि नाव कंपनीचे होते. ते स्वतः प्रसिद्धीपासून लांब राहत. भारतीयांना अमेरिकी नागरिकत्वाचा मार्ग १९४६च्या कायद्याने खुला झाला, पण तो पूर्ण होण्याआधीच ते गेले. म्हणजे ते पूर्णपणे अमेरिकेचे झाले नव्हते आणि भारतात पंचवीस वर्षे फिरकले नव्हते. दोन्हीकडे त्यांची आठवण ठेवणारे थोडेच होते.

भारताने १९९५ मध्ये, जन्मशताब्दीला, त्यांचे टपाल तिकीट काढले. एका बुरशीला त्यांच्यावरून सुब्बारोमायसिस असे नाव आहे. आणि आपल्याकडे बायोकेमिस्ट्रीच्या प्रात्यक्षिकांत फिस्के-सुब्बाराव पद्धतीने फॉस्फरस मोजणे अजूनही असते. नळीत रसायने घातल्यावर निळा रंग पूर्ण चढेपर्यंत विद्यार्थ्यांना काही मिनिटे थांबावे लागते.